न झालेल्या गोलांची नोंद



खेळावरचं व्याख्यान म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शतकं येतात, षटकार येतात, निदान गोल तरी येतात. मी आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याने आपल्या क्लबकडून ९०२ सामने खेळले आणि गोल केले ३३. म्हणजे सत्तावीस सामन्यांमागे जेमतेम एक. एवढ्या भांडवलावर तासभर बोलायचं धाडस मी करतोय.

माणसाचं नाव पाओलो माल्दिनी. मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. म्हणजे रात्री जागून, घरच्यांची बोलणी खात फुटबॉल बघितलेली मंडळी तिथे बसली आहेत. पुढच्या रांगांसाठी थोडक्यात ओळख करून देतो. जन्म २६ जून १९६८, गाव मिलान. काम बचावपटूचं. नोकरी आयुष्यभर एकच, एसी मिलानची. रुजू झाला २० जानेवारी १९८५ रोजी, सोळाव्या वर्षी. शेवटचा सामना ३१ मे २००९ रोजी. वयाची एक्केचाळीस पूर्ण व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. या काळात सात वेळा इटलीची लीग, पाच वेळा युरोपचा चषक. देशाकडून १२६ सामने, त्यांतले ७४ कर्णधार म्हणून. सर्व्हिस बुक इथे मिटू या.

आता पहिला प्रश्न. बचावपटू मोठा होता, हे ठरवायचं कशावरून?

गोल करणाऱ्याचं सोपं असतं. गोल मोजा, सामने मोजा, भागाकार करा. बचावपटूचं काम गोल होऊ न देणं. जे झालंच नाही ते मोजायचं कसं? आपल्या क्रिकेटने या प्रश्नाची फार छान सोय करून ठेवली आहे. तिथे निर्धाव षटकाला स्वतःचा रकाना असतो. नाशिकचे बापू नाडकर्णी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकून गेले. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. बळी एकही नाही, आणि तरी साठ वर्षांनंतर हे आकडे या सभागृहात निम्म्या लोकांना पाठ आहेत! काहीच घडलं नाही हेसुद्धा लिहून ठेवायची जागा त्या खेळाच्या वहीत होती. फुटबॉलच्या वहीत ती नाही. डाव्या बगलेतून आत शिरू पाहणाऱ्या खेळाडूला कुणी चार पावलं आधीच बाहेर वळवलं, त्याने निमूटपणे चेंडू मागे दिला. याची नोंद कोण करणार? प्रेक्षकालासुद्धा काही घडलं असं वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि आजच्या बोलण्याचा सगळा भार मी या एका म्हणण्यावर टाकणार आहे: बचावपटूच्या बाबतीत खरं बोलणारा आकडा एकच, तो किती काळ टिकला. ९०२ सामने म्हणजे ९०२ वेळा कुणीतरी प्रशिक्षक फळ्यासमोर उभा राहिला, हातात खडू घेतला आणि संघात याचं नाव लिहिलं. तो निर्णय दर आठवड्याला नव्याने घेतला जात होता.

तुम्ही म्हणाल, टिकणं हा काय मोठेपणा? खुर्चीला चिकटून बसलेली माणसं आपण गल्लीपासून दिल्लीपर्यंत बघतोच. (हशा.) बरोबर आहे. पण फुटबॉलमध्ये खुर्ची दर रविवारी काढून घेतात आणि पुढच्या रविवारी तुम्हाला ती पुन्हा मिळवावी लागते. शिवाय ती देणारा माणूसही बदलत राहतो. लीडहोल्म, साक्की, कापेल्लो, ताबारेझ, झाक्केरोनी, तेरिम, आन्चेलोत्ती, आणि मध्ये काही महिने खुद्द वडील. यांतल्या कुठल्या दोघांचं फुटबॉलबद्दल पूर्ण एकमत झालं असतं, असं मला वाटत नाही. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

वडिलांचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. चेझारे माल्दिनी मूळचे त्रिएस्तेचे, तेही बचावपटू, तेही मिलानचे कर्णधार. २२ मे १९६३ रोजी वेम्बलीवर बेनफिकाला २-१ हरवून मिलानने पहिला युरोपियन कप जिंकला, तो चषक उचलला चेझारेंनी. प्रशिक्षक होते नेरेओ रोक्को, तेही त्रिएस्तेचेच. चेझारेंचा खेळ डौलदार होता. पण कधीकधी ते आपल्याच गोलसमोर चेंडू घेऊन नको ती कलाकुसर करायला जात आणि फसत. पत्रकारांनी त्या चुकांना त्यांच्या आडनावावरून नावच पाडलं होतं! पुढे १९८२ साली इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा ते एन्झो बेआर्झोत यांचे सहायक होते.

अशा घरात जन्मलेल्या मुलाला संघात जागा मिळाली, तर लोक काय म्हणणार? इथे बसलेल्या कुणाला सांगायची गरज आहे का? डॉक्टरचा मुलगा डॉक्टर, वकिलाचा मुलगा वकील, पुढाऱ्याचा मुलगा पुढारी. कप्तानाचा मुलगा बचावफळीत. पाओलोला ही कुजबुज ऐकावी लागली. तिला उत्तर देण्याचा मार्ग एकच होता आणि तो फार लांबचा होता. वशिला पहिल्या सामन्यात उतरवू शकतो; नऊशेव्या सामन्यात उतरवत नाही.

तो पहिला सामना उदीने शहरात झाला. त्या जानेवारीत उत्तर इटलीत बर्फाने कहर केला होता. मध्यंतराला बात्तिस्तिनी दुखापतीमुळे बाहेर आला आणि लीडहोल्म यांनी सोळा वर्षांच्या पोराला आत पाठवलं. सामना १-१ सुटला. त्या हंगामात लीगमध्ये त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. पुढच्या हंगामापासून मात्र तो आत आला तो आतच राहिला.

बापलेकाच्या गोष्टीचं एक टोक इथेच सांगून टाकतो. २८ मे २००३ रोजी मँचेस्टरला मिलानने युव्हेंटसला शूटआउटमध्ये हरवलं आणि युरोपचा चषक उचलला कर्णधार पाओलो माल्दिनीने. बापाने उचलला त्यानंतर चाळीस वर्षांनी, तोच क्लब, पुन्हा इंग्लंडच्याच भूमीवर. १२० मिनिटांत गोल शून्य. जगभर त्या सामन्याला कंटाळवाणा म्हणून नावं ठेवली गेली. दोन्ही बाजूंनी इटलीचे उत्तमोत्तम बचावपटू उभे असताना आणखी काय होणार होतं?

आता तिसरा मुद्दा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पाओलोला बचाव शिकवला कुणी?

त्याच्या आधीच्या इटालियन बचावाची रीत अशी होती की प्रत्येक बचावपटूला एक माणूस नेमून द्यायचा. तो माणूस जाईल तिथे जायचं. सावलीसारखं चिकटायचं, ओढायचं, ढकलायचं, आणि एवढं करूनही तो निसटलाच तर मागे एक मोकळा खेळाडू झाडून घ्यायला उभा. १९८२ च्या विश्वचषकात क्लाउदिओ जेन्तीलेने माराडोना आणि झिको यांचं काय केलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णनाची गरज नाही. त्या दोघांनी बिचाऱ्यांनी चेंडूपेक्षा जेन्तीलेलाच जास्त पाहिलं असेल. (हशा.)

१९८७ साली मिलानमध्ये आरिगो साक्की आला. स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल न खेळलेला माणूस. वडिलांच्या बुटांच्या कारखान्याचा माल विकायचा. क्लबचे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी त्याला पार्माहून आणलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी कपाळाला हात लावला. साक्कीने येऊन सांगितलं, माणूस सोडा, जागा धरा. चार बचावपटू एका ओळीत. त्यांतला एक पुढे सरकला की चौघं पुढे, एक डावीकडे तर चौघं डावीकडे. बचावफळीपासून आघाडीपर्यंत सगळा संघ पंचवीसएक मीटरच्या पट्ट्यात. प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला जागाच द्यायची नाही, आणि त्याने घाईत चेंडू पुढे मारला की ऑफसाइड. सरावात तो कधीकधी चेंडूच काढून घ्यायचा. अकरा जण रिकाम्या मैदानावर, काल्पनिक चेंडूच्या मागे एकत्र सरकताहेत. बघणाऱ्याला वेडेपणा वाटावा.

गुलिट आणि व्हान बास्तेन या डच मंडळींना हे पटेना. तेव्हा साक्कीने पैज लावली. एका बाजूला पाच जण: गोलरक्षक जोव्हान्नी गाल्ली आणि त्याच्यापुढे तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, माल्दिनी. समोर दहा जण, त्यांत गुलिट, व्हान बास्तेन, राइकार्ड, दोनादोनी. पंधरा मिनिटं. दहा जणांनी वाटेल तसं खेळावं. चेंडू गमावला तर पुन्हा मागून सुरुवात करावी. पाचांनी फक्त ओळ सांभाळायची. दहांना पाचांवर एक गोल करता आला नाही. पैज पुन्हा पुन्हा लागली, निकाल तोच.

पैज जिंकणाऱ्या त्या पाचांमधला सर्वांत लहान खेळाडू माल्दिनी होता. विशीत आलेला. या वयात त्याने जे शिकून घेतलं ते म्हणजे डोकं. चेंडू कुठे आहे, डावीउजवीकडचा साथीदार कुठे आहे, समोरचा कुठे आहे आणि मोकळी जागा कुठे आहे, या चारही गोष्टी एकाच वेळी बघायच्या. आणि पाय? पायाची एक गंमत आहे. माल्दिनी उजव्या पायाचा. कारकिर्दीचा मोठा काळ खेळला डाव्या बगलेत. डावा पाय त्याने इतका घोटून तयार केला की, खरा कोणता, हे कळायला बघणाऱ्याला वेळ लागे.

त्याची पद्धत सांगतो, कारण नुसतं महान महान म्हणण्याला काही अर्थ नसतो. समोरून विंगर चेंडू घेऊन येतोय. हौशी बचावपटू त्याच्या अंगावर धावून जातो, पाय घालतो. लागला तर टाळ्या, चुकला तर समोर मैदान मोकळं. माल्दिनी धावून जात नसे. दोन-अडीच हात अंतर ठेवून, अंग अर्धवट वळवून, मागे मागे सरकायचा. अंगाचा कल असा, की विंगरला आत यायची वाट बंद दिसावी आणि बाहेरची उघडी. मग तो बाहेर निघाला की पहिल्या दोन ढांगांत माल्दिनी त्याच्या बरोबरीला, आणि तिथून पुढे रेषेपर्यंत जागाच उरलेली नसे. घसरून टॅकल करणं तो उत्तम जाणत होता, पण ती वेळ क्वचित येऊ द्यायचा. जमिनीवर पडलेला बचावपटू काही क्षण संघातून वजा झालेला असतो. हे साधं गणित त्याच्याइतकं कुणी पाळलेलं मी पाहिलं नाही.

या शिक्षणाचं फळ १९८९ आणि १९९० ला लागोपाठ दोन युरोपियन कप. मग साक्की गेला, फाबिओ कापेल्लो आला. १९९१-९२ ची अख्खी लीग मिलानने न हरता संपवली. लीगमध्ये सलग ५८ सामने अपराजित. १९९३-९४ च्या हंगामात तर ३४ सामन्यांत अवघे १५ गोल खाल्ले. केले किती? ३६. सामन्याला जेमतेम एक गोल करून कुणी लीग जिंकतं का? मिलानने जिंकली.

त्याच वर्षाची, १९९४ ची, गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. माल्दिनीच्या सगळ्या कारकिर्दीतून एकच उन्हाळा निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

१८ मे १९९४. अथेन्स. युरोपचा अंतिम सामना, समोर योहान क्रायफची बार्सिलोना. मिलानचे मधले दोन्ही बचावपटू, कर्णधार बारेसी आणि कोस्ताकुर्ता, निलंबित. बचावाचा कणाच गेला. बार्सिलोनाकडे स्टोइच्कोव्ह आणि स्पॅनिश लीगमध्ये ३० गोल करून आलेला रोमारिओ. कापेल्लोने माल्दिनीला डाव्या बगलेतून उचललं आणि फिलिप्पो गाल्लीच्या जोडीला मध्ये उभं केलं. मिलान ४-०! मास्सारोचे दोन, साविचेविचचा एक, देसाईचा एक. हे सगळ्यांच्या लक्षात आहे, कारण साविचेविचने वीस-पंचवीस यार्डांवरून गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू टाकला तो गोल विसरण्यासारखा नाहीच. मला तुम्हाला विचारायचंय ते दुसरं: रोमारिओ त्या रात्री काय करत होता, ते कुणाला आठवतं?

दोन महिने उलटतात. १७ जुलै १९९४. कॅलिफोर्नियातलं पासाडेना, भर दुपारचं ऊन. विश्वचषकाचा अंतिम सामना, इटली विरुद्ध ब्राझील. कोस्ताकुर्ता पुन्हा निलंबित! बारेसी त्याच स्पर्धेत गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेऊन परत उभा राहिलेला. माल्दिनी पुन्हा मध्ये. समोर पुन्हा रोमारिओ, जोडीला बेबेतो. ९० मिनिटं शून्य, १२० मिनिटं शून्य.

हिशेब करा. दोन अंतिम सामने, दोन खंड, २१० मिनिटं. जगातला त्या वर्षीचा सर्वांत भेदक आघाडीपटू, आणि खेळत्या चेंडूवर गोल एकही नाही. हा पराक्रम कुठल्या रकान्यात लिहिला गेला? पासाडेनाचं लोकांना काय आठवतं? शूटआउटमध्ये इटलीच्या बाज्जोने पेनल्टी बारच्या वरून मारली ते. वर्षअखेरीला युरोपच्या सर्वोत्तम खेळाडूचा 'बॅलन डी'ओर' स्टोइच्कोव्हला गेला, दुसरा बाज्जो, तिसरा माल्दिनी. नऊ वर्षांनी, पस्तिशीत, तो पुन्हा तिसराच आला. तो पुरस्कार त्याला कधी मिळाला नाही.

चौथ्या मुद्द्यावर भराभर जातो. लांब कारकिर्दीत माणूस टिकतो तेव्हा खेळ तसाच राहिलेला नसतो. माल्दिनी सुरुवातीला खेळायचा तेव्हा बचावपटू चेंडू बिनधास्त मागे द्यायचा आणि गोलरक्षक तो हातात घ्यायचा. १९९२ मध्ये ती सोय गेली. बचावपटूला पायाने खेळता येणं सक्तीचं झालं. १९९५ च्या बोस्मन निकालानंतर युरोपातल्या खेळाडूंना क्लब बदलण्याच्या वाटा मोकळ्या झाल्या आणि इटालियन संघ परदेशी खेळाडूंनी भरून गेले. १९९८ च्या विश्वचषकापासून मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड. जुन्या रीतीच्या बचावपटूंना यातला प्रत्येक बदल नोकरीवर गदा आणणारा होता. माल्दिनीला त्याचा त्रास झाला नाही, कारण त्याच्या खेळात मागून पाय मारणं मुळात नव्हतंच.

वय वाढलं, पायांतला वेग कमी झाला, तसा तो बगलेतून मध्ये सरकला. २००२ मध्ये क्लबने मिलान लॅब उभी केली. खेळाडूंच्या शरीराची शास्त्रशुद्ध देखभाल तिथे सुरू झाली आणि पस्तिशीपलीकडच्या खेळाडूंना तिचा मोठा आधार झाला. त्याच वर्षी आलेस्सांद्रो नेस्ता आला आणि मध्ये जी जोडी जमली ती बघत राहावी. हा नेस्ता २०१४ मध्ये आपल्याकडे इंडियन सुपर लीगमध्ये चेन्नईकडून खेळून गेला, प्रशिक्षक मातेराझ्झीच्या हाताखाली. आपल्या देशात त्या बचावफळीचं प्रत्यक्ष दर्शन झालं ते एवढंच, आणि त्या वेळी अडतीस वर्षांच्या नेस्ताच्या गुडघ्यांनीही बरंच काही सोसलेलं होतं.

गंमत बघा. आन्चेलोत्ती एकेकाळी त्याच्या बरोबरीने खेळायचा, तो त्याचा प्रशिक्षक झाला. शेजारी खेळणारा तास्सोत्ती सहायक प्रशिक्षक झाला. शेवटच्या हंगामात संघात असलेला ब्राझीलचा पाटो जन्माला आला तेव्हा माल्दिनी पहिला युरोपियन कप जिंकून बसलेला होता.

आता पराभवाचं बोलू या. ते टाळलं तर हे व्याख्यान आरती होईल.

इटलीच्या निळ्या जर्सीत माल्दिनीला एकही मोठी स्पर्धा जिंकता आली नाही. १९९० चा विश्वचषक त्यांच्याच घरी. आपल्याकडे दूरदर्शनवर पाहिलेल्यांना इटलीचा आघाडीपटू स्किलाची याचे मोठे झालेले डोळे आठवत असतील. त्या स्पर्धेत इटलीने पाचशेहून जास्त मिनिटं एकही गोल खाल्ला नव्हता. नापोलीत अर्जेंटिनाच्या कानिज्जियाने तो पहिला गोल केला आणि शूटआउटमध्ये सगळं संपलं. १९९४, शूटआउट. १९९८, फ्रान्सविरुद्ध, प्रशिक्षक वडील चेझारे, पुन्हा शूटआउट. २००० ची युरोपियन स्पर्धा, अंतिम सामना, पुन्हा फ्रान्स. ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या शेवटच्या क्षणांत बरोबरी झाली आणि मग जादा वेळेत त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे तो होताच सामना संपला. २००२, दक्षिण कोरिया, ११७ व्या मिनिटाला गोल्डन गोल.

चार विश्वचषक आणि एकदाही इटली ९० मिनिटांत बाद झाली नाही! २०२२ मध्ये मेस्सीने मागे टाकेपर्यंत विश्वचषकात सर्वाधिक मिनिटं खेळलेला माणूस हाच होता, आणि त्याच्या हाताला चषक लागला नाही. कोरियाविरुद्धचा तो गोल्डन गोल आन जंग-ह्वानने हेडरने केला आणि उडी मारली ती माल्दिनीच्या पुढ्यात. पंच मोरेनोंच्या नावाने इटली अजून बोटं मोडते, मोडू दे. पण त्या क्षणी त्या चेंडूवर ज्याने पोहोचायला हवं होतं, तो पोहोचला नाही, हेही खरं आहे. तो त्याचा देशाकडून शेवटचा सामना. चार वर्षांनी, २००६ मध्ये, इटली जगज्जेती झाली. बचावफळीचं नेतृत्व कान्नाव्हारोने केलं आणि बॅलन डी'ओरही त्यालाच मिळाला. आणखी एकच स्पर्धा थांबला असता तर? असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो प्रश्न फोल वाटतो. ज्याला आपल्या पायांची इतकी पारख होती, त्याने देशाचं काम कधी सोडायचं हे बरोबर ओळखलं होतं.

क्लबकडूनही दैवाने थट्टा केलीच. २५ मे २००५, इस्तंबूल, लिव्हरपूलविरुद्धचा अंतिम सामना. पहिल्याच मिनिटात गोल. कुणी केला? माल्दिनीने. छत्तिसाव्या वर्षी, बचावपटूने, उजव्या पायाच्या व्हॉलीवर. मध्यंतराला ३-०. मग सहा मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि शूटआउटमध्ये सामना गेला. जन्मभर गोल अडवून मोठ्या झालेल्या माणसाने अंतिम सामन्यात गोल केला, तो सामनाच हातचा गेला! दोन वर्षांनी अथेन्सला तोच प्रतिस्पर्धी. इन्झागीचे दोन गोल, मिलान २-१. चषक पुन्हा माल्दिनीच्या हातात, वय अडतीस, महिनाभरात एकोणचाळीस.

आणि शेवटचा मुद्दा, निरोपाचा. आपली समजूत अशी असते की पंचवीस हंगाम एकाच घरात काढले की निरोपाला सगळं गाव रडतं. २४ मे २००९ रोजी सान सिरोवर माल्दिनीचा अखेरचा घरचा सामना होता, रोमाविरुद्ध. मिलान ३-२ हरली. सामना संपल्यावर तो मैदानाला फेरी मारायला निघाला. सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं, पण गोलमागच्या कट्टर समर्थकांच्या कोपऱ्यातून शिट्ट्या आल्या. फलक आले. बारेसीच्या ६ नंबरच्या जर्सीचं भलंमोठं चित्र आलं. म्हणजे कर्णधार एकच, आणि तो तू नव्हेस. कारण काय? त्याने त्यांची खुशामत कधी केली नव्हती. इस्तंबूलच्या पराभवानंतर त्यांनी घातलेल्या गोंधळाला त्याने खडे बोल सुनावले होते. नंतर तो एवढंच म्हणाला की आपण त्यांच्यातले नाही याचा आपल्याला अभिमान आहे.

आठवड्याने फ्लोरेन्सला, परक्या मैदानावर, तो शेवटचं खेळला. मिलान २-० जिंकली आणि फिओरेन्तिनाच्या प्रेक्षकांनी उभं राहून त्याला मानवंदना दिली. घरच्यांनी शिट्ट्या मारल्या, परक्यांनी टाळ्या. आपण निष्ठा निष्ठा म्हणतो तेव्हा तिचा मोबदला गृहीत धरतो. माल्दिनीने तो गृहीत धरलेला दिसत नाही. नाहीतर दशकभराने तो पुन्हा त्याच क्लबच्या कचेरीत कामाला गेला नसता. तांत्रिक संचालक म्हणून त्याने बांधलेल्या संघाने २०२२ मध्ये अकरा वर्षांनी लीग जिंकली, आणि पुढच्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, नव्या मालकांनी त्याला काढून टाकलं. मालकांनी आकडे पाहिले असतील. त्यांच्या वहीतही बहुधा तो रकाना नसावा.

त्याची ३ नंबरची जर्सी क्लबने निवृत्त केली आहे. त्याच्या मुलांपैकी कुणी मिलानकडून खेळला तर ती घालायची मुभा तेवढी ठेवली होती. धाकटा दानिएल मिलानकडून खेळलाही, पण तो गोल करणाऱ्यांच्या पंथातला निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो इटलीकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. आजोबा, बाप, नातू, तिघेही निळ्या जर्सीत. सामना होता रोमला.

वेळ संपत आली, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं. जाताना एक विनंती. या मोसमात मैदानावर जाऊन एखादा सामना बघाल, मग तो कूपरेजला असो, मडगावला असो की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, तेव्हा पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघू नका. चेंडूपासून सर्वांत लांब उभ्या असलेल्या बचावपटूकडे बघा. त्याची मान किती वेळा वळते, तो कुणाला हातवारे करतो, कुठली दोन पावलं कशासाठी सरकतो ते पाहा. आणि घरी बसूनच बघायचं असेल, तर १८ मे १९९४ चा अथेन्सचा सामना पूर्ण लावा, नुसते गोल नको, आणि रोमारिओला चेंडू किती वेळा मिळतो ते कागदावर लिहून काढा.